स्मारकावरच्या वाक्याचा कर्ता

दर वर्षी ९ सप्टेंबरला नंदुरबारमध्ये शिरीषकुमार आणि त्याच्या सोबत्यांच्या स्मारकाला फुलं वाहिली जातात. १९४२ साली त्या दिवशी तिरंगा घेऊन निघालेल्या मुलांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्याम शहा हे पाच जण त्यात गेले. नंदुरबार तेव्हा पश्चिम खान्देश जिल्ह्यात होतं आणि जिल्ह्याचा कारभार धुळ्याहून चालत असे. खान्देशात शिकलेल्या मुलाला शिरीषकुमारचं नाव बहुधा ठाऊक असतंच.

या घटनेला सहा महिने होतात न होतात तोच, २ मार्च १९४३ रोजी, तळोदा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी रावलापाणी इथे पुन्हा गोळीबार झाला. संत गुलाम महाराजांनी आदिवासींमध्ये दारू सोडण्याची आणि एकमेकांना ‘आप’ म्हणून मान देण्याची चळवळ उभी केली होती. त्यांच्यामागे ती रामदास महाराज चालवत होते. त्यांच्या अनुयायांवर ब्रिटिश सरकारच्या बंदुका चालल्या. तिथे पंधरा जण मारले गेल्याचं सांगतात. तळोदा-अक्कलकुव्याच्या बाहेर मात्र ही तारीख फार थोड्यांना ठाऊक असते.

काळ एक, प्रदेश एक, गोळ्या झाडणारी सत्ता एक. मग एक आठवण पाठ का आणि दुसरी अंधूक का? हा प्रश्न जगात सर्वांत मोठ्या प्रमाणावर विचारला गेला तो होलोकॉस्टबद्दल, म्हणजे नाझी जर्मनीने केलेल्या ज्यूंच्या संहाराबद्दल. त्या संहाराची खान्देशातल्या गोळीबारांशी तुलना करण्याचा इथे हेतू नाही, तशी तुलना होऊही शकत नाही. पण मेलेल्यांची आठवण ठरवताना सत्तेतली माणसं काय काय करतात, हे होलोकॉस्टच्या आठवणीच्या इतिहासात जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुसरीकडे कुठे दिसत नाही. ते समजून घेतलं, तर आपल्या चौकातला दगडही नीट वाचता येतो.

आधी घटना काय होती

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. पुढच्या बारा वर्षांत नाझी राजवटीने आणि तिच्या साथीदारांनी सुमारे ६० लाख ज्यूंना मारलं. युरोपातल्या दर तीन ज्यूंमागे जवळपास दोन. गोळ्या घालून, उपासमारीने, गॅसच्या कोठड्यांत. लाखो रोमा, अपंग आणि मनोरुग्ण, सोव्हिएत युद्धकैदी आणि पोलिश नागरिकही नाझींनी मारले. एकट्या ऑशविट्झच्या छावणीत सुमारे ११ लाख माणसं मारली गेली. त्यांतली दहा लाखांच्या आसपास ज्यू होती.

हे आकडे आपल्याकडेही पुन्हा पुन्हा सांगायला हवेत. महाराष्ट्रात रेल्वेच्या आणि एसटी स्थानकांवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर हिटलरच्या आत्मचरित्राच्या मराठी प्रती सहज मिळतात. शिस्तीचा माणूस, कणखर नेता म्हणून शाळकरी मुलं त्याला वाचतात. त्याच्या छावण्यांत मेलेल्यांची गोष्ट त्यांच्यापर्यंत तितक्या सहज पोचत नाही. आठवण घडवली नाही, तर मोकळी राहिलेली जागा अशीच भरली जाते.

सामूहिक स्मृती म्हणजे काय

मॉरिस हाल्बवाक्स या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ साली एक विचार मांडला. माणूस एकटा आठवत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. कुटुंब, धर्म, गाव, राष्ट्र अशा गटांनी दिलेल्या चौकटीत तो आठवतो. चौकटीत बसतं ते टिकतं, न बसणारं हळूहळू गळून पडतं. या हाल्बवाक्सलाच १९४४ मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, पकडलं आणि १९४५ मध्ये बुखेनवाल्डच्या छळछावणीत त्याचा मृत्यू झाला.

चौकट बनवणारे हात अनेक असतात: आजी, शिक्षक, कीर्तनकार, लेखक, सिनेमा. राजकीय नेत्याच्या हातात मात्र काही खास साधनं असतात. तो सुट्टीची तारीख ठरवू शकतो, स्मारकाला जमीन आणि पैसा देऊ शकतो, पाटीवरचा मजकूर मंजूर करतो, पाठ्यपुस्तक बदलू शकतो, कायदा करू शकतो, माफी मागू शकतो किंवा नाकारू शकतो.

या सगळ्या साधनांतून अखेर एक वाक्य तयार होतं. शाळेत आपण व्याकरणात कर्ता, कर्म आणि क्रियापद ओळखायला शिकलो. स्मारकाचं वाक्यही तसंच तपासावं. कोणी केलं, कोणाला केलं, आणि नेमकं काय केलं? ज्या जागी लबाडी असते, ती जागा बहुतेक वेळा या तिघांतलीच एक असते.

कर्म झाकलं जातं: बाबी यार आणि ऑशविट्झची पाटी

कीव्ह शहराच्या कडेला बाबी यार नावाची घळ आहे. २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत नाझी पथकांनी तिथे ३३,७७१ ज्यूंना गोळ्या घातल्या. हा आकडा त्या पथकांच्याच अहवालातला आहे. युद्धानंतर सोव्हिएत सरकारने तिथे अनेक वर्षं स्मारक होऊ दिलं नाही. अखेर १९७६ मध्ये झालं, तेव्हा त्यावर मारेकरी म्हणून जर्मन फॅसिस्टांचा उल्लेख होता, पण मेलेल्यांना कीव्हचे नागरिक आणि युद्धकैदी म्हटलं होतं. ‘ज्यू’ हा शब्द नव्हता. सोव्हिएत कथा अशी होती की सगळ्या सोव्हिएत जनतेने सारखंच सोसलं. मग एका समाजाला त्याच्या जन्मामुळे वेचून मारलं, हे त्या कथेत बसणार कसं? वाक्यात कर्ता होता, कर्म मात्र पुसलं गेलं.

ऑशविट्झमध्ये गफलत बळींच्या आकड्याची होती. तिथल्या पाटीवर कित्येक दशकं ४० लाख बळी असा आकडा होता. तो १९४५ च्या सोव्हिएत चौकशीतून आला होता. पोलंडमधली कम्युनिस्ट राजवट गेल्यावर, १९९० मध्ये, तो काढण्यात आला आणि संशोधनावर टिकणारा आकडा पुढे आला. फुगवलेल्या आकड्याने बळींचा मान वाढला नाही. उलट, संहार झालाच नाही म्हणणाऱ्यांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. खरा आकडा पुरेसा भयंकर असतो. त्यावर एक शून्य चढवणारा नेता मेलेल्यांचं नुकसानच करतो.

आकड्याचं राजकारण आपल्यालाही नवं नाही. जालियनवाला बागेतल्या १३ एप्रिल १९१९ च्या हत्याकांडात सरकारी हंटर समितीने ३७९ मृत मोजले. काँग्रेसच्या चौकशीने हजाराच्या आसपास म्हटलं. शंभर वर्षांनी, एप्रिल २०१९ मध्ये, ब्रिटिश पंतप्रधान थेरेसा मे यांनी पार्लमेंटमध्ये खेद व्यक्त केला, पण माफी मागितली नाही. खेद आणि माफी यांत फरक कर्त्याचाच आहे. खेद घटनेबद्दल वाटतो, माफी स्वतःच्या कृतीची मागावी लागते.

कर्ता झाकला जातो: ऑस्ट्रिया आणि फ्रान्स

ऑस्ट्रिया १९३८ मध्ये जर्मनीत सामील झाला, तेव्हा व्हिएन्नात हिटलरच्या स्वागताला प्रचंड गर्दी जमली होती. पण १९४३ मध्ये मित्रराष्ट्रांनी मॉस्कोच्या जाहीरनाम्यात ऑस्ट्रियाला हिटलरी आक्रमणाचा पहिला बळी म्हटलं, आणि युद्धानंतरच्या नेत्यांनी ते वाक्य ढालीसारखं धरलं. १९८६ मध्ये कुर्ट वाल्डहाइम अध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि बाल्कनमधली आपली युद्धकाळातली लष्करी नोकरी त्यांनी झाकून ठेवल्याचं उघड झालं. तरीही ते निवडून आले. पण त्या वादाने ढालीला तडा गेला. जुलै १९९१ मध्ये चॅन्सलर फ्रान्झ व्रानित्स्की यांनी संसदेत ऑस्ट्रियन लोकांचा जबाबदारीतला वाटा मान्य केला.

फ्रान्सची गोष्ट जास्त बोलकी आहे. १६ आणि १७ जुलै १९४२ रोजी पॅरिसमध्ये सुमारे १३ हजार ज्यूंना धरण्यात आलं. त्यांत चार हजारांहून अधिक मुलं होती. धरपकड करणारे हात फ्रेंच पोलिसांचे होते. युद्धानंतर जनरल द गॉल यांनी देशाला सावरण्यासाठी एक कथा दिली: खरा फ्रान्स प्रतिकार करत होता, जर्मनांशी हातमिळवणी करणारं विशीचं सरकार म्हणजे फ्रान्सच नव्हे. ही कथा पुढच्या नेत्यांनाही सोयीची होती. फ्रांस्वा मितेराँ यांनी १९९३ मध्ये १६ जुलैचा स्मृतिदिन जाहीर केला, पण प्रजासत्ताकाची जबाबदारी मानायला ते तयार नव्हते.

१६ जुलै १९९५ रोजी नवे अध्यक्ष जाक शिराक यांनी त्या धरपकडीच्या स्मृतिस्थळी भाषण केलं आणि हे दुष्कर्म फ्रेंच राज्याच्या मदतीने झालं, हे उघड मान्य केलं. कागदपत्रं तीच होती, इतिहासकारांना सगळं वर्षानुवर्षं माहीत होतं. बदलला तो अध्यक्षांच्या वाक्याचा कर्ता, आणि त्यानंतर फ्रान्समध्ये जुनी कथा तितक्या सहज सांगता येईना.

जर्मनी: कर्ता मान्य करण्याचा लांबचा रस्ता

जर्मनीने सगळं लगेच कबूल केलं, असं आपल्याला वाटतं. वस्तुस्थिती तशी नाही. १९५१ मध्ये चॅन्सलर कोनराड आडेनाउअर यांनी संसदेत म्हटलं की जर्मन जनतेच्या नावाने अवर्णनीय गुन्हे केले गेले. ‘नावाने केले गेले’. कर्मणि प्रयोग, आणि करणारा कोण ते मोकळं सोडलेलं. तरीही त्याच आडेनाउअर यांनी १९५२ च्या लक्झेंबर्ग करारात इस्रायलला ३ अब्ज मार्क द्यायचं मान्य केलं. त्याच काळात त्यांच्या कार्यालयाचे प्रमुख होते हान्स ग्लोब्के, ज्यांनी नाझींच्या वंशकायद्यांवर भाष्य लिहिलं होतं. भरपाई आणि विस्मरण दोन्ही एकाच छताखाली नांदत होतं.

७ डिसेंबर १९७० रोजी चॅन्सलर विली ब्रांट वॉर्सामध्ये ज्यू वस्तीतल्या उठावाच्या स्मारकासमोर पुष्पचक्र वाहून अचानक गुडघे टेकून बसले. ब्रांट स्वतः नाझीविरोधी होते आणि हिटलरच्या काळात परागंदा झाले होते. ज्याने गुन्हा केला नव्हता, त्याने गुन्हा करणाऱ्या देशाच्या वतीने जमिनीला गुडघे लावले. हे छायाचित्र आज जगभर गौरवाने छापलं जातं. त्या वेळी ‘डेर श्पीगेल’ साप्ताहिकाच्या पाहणीत ४८ टक्के पश्चिम जर्मनांना ती कृती अतिरेकी वाटली होती आणि ४१ टक्क्यांना योग्य. म्हणजे लोकमत पाहून ती केली असती, तर झालीच नसती.

१९८५ चा मे महिना तर दोन आठवणींच्या झटापटीचा होता. ५ मे रोजी चॅन्सलर हेल्मुट कोल यांनी अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रीगन यांना बिटबुर्गच्या लष्करी दफनभूमीत नेलं. तिथे वाफेन एसएस या नाझी दलाच्या सैनिकांच्याही कबरी होत्या. जगभर निषेध झाला. तीनच दिवसांनी, ८ मे रोजी, अध्यक्ष रिचर्ड फॉन वाइत्सेकर यांनी संसदेत सांगितलं की जर्मनीच्या शरणागतीचा तो दिवस जर्मनांच्याही मुक्तीचा दिवस आहे. त्यांचे वडील नाझी परराष्ट्र खात्यात मोठे अधिकारी होते आणि युद्धानंतर दोषी ठरले होते. मुलाने देशाला सांगितलं की पराभवाचं दुःख आणि गुन्ह्याची जबाबदारी यांची गल्लत करू नका.

पुढे संसदेने १९९९ मध्ये ठराव केला आणि २००५ मध्ये बर्लिनच्या मध्यभागी २,७११ काँक्रीटच्या ठोकळ्यांचं स्मारक खुलं झालं. २०१७ मध्ये एएफडी पक्षाचे नेते ब्योर्न ह्यॉके यांनी या स्मारकाला लाजेचं स्मारक म्हणून हिणवलं आणि आठवणीच्या धोरणात पूर्ण पालट मागितला. एका पिढीच्या नेत्यांनी उभी केलेली आठवण पुढच्या पिढीतला नेता मोडायला निघू शकतो. ती दर पिढीला पुन्हा राखावी लागते.

क्रियापद बदलतं: इस्रायल आणि तिथले मराठी ज्यू

इस्रायलमध्ये प्रश्न वेगळा होता. नव्या राष्ट्राला लढवय्ये हवे होते. छावण्यांतून वाचून आलेल्यांना पहिल्या वर्षांत विचारलं जाई की तुम्ही प्रतिकार का केला नाही? संहाराच्या स्मृतिदिनासाठी ज्यू पंचांगातली २७ निसान ही तिथी निवडताना १९४३ च्या वॉर्सा उठावाचा विचार झाला, आणि दिवसाच्या नावात संहारासोबत शौर्यही आलं. ‘मेले’ या क्रियापदाशेजारी ‘लढले’ हे क्रियापद नेत्यांना आवश्यक वाटलं.

हा सूर बदलला तो १९६१ च्या आइखमान खटल्याने. संहाराची वाहतूकव्यवस्था सांभाळणारा अॅडॉल्फ आइखमान अर्जेंटिनात पकडला गेला आणि पंतप्रधान डेव्हिड बेन-गुरियन यांनी खटला जेरुसलेममध्ये, जगासमोर चालवायचं ठरवलं. नव्या पिढीला हा इतिहास कळावा, हा त्यांचा उघड हेतू होता. शंभरावर साक्षीदार उभे राहिले, रेडिओवर देश ऐकत होता. ज्यांना तोवर गप्प राहावं लागलं होतं, ते बोलू लागले. एका नेत्याच्या निर्णयाने दडलेली आठवण बाहेर आली.

त्याच देशात उलटंही घडलं. ऑक्टोबर २०१५ मध्ये पंतप्रधान बेन्यामिन नेतान्याहू यांनी असं सुचवलं की ज्यूंना मारण्याची कल्पना हिटलरला जेरुसलेमच्या मुफ्तींनी, म्हणजे तिथल्या पॅलेस्टिनी मुस्लिम धर्मप्रमुखांनी, दिली. इतिहासकारांनी, त्यांत इस्रायलच्याही, हे साफ खोडून काढलं. जर्मन सरकारने जाहीर केलं की जबाबदारी जर्मनांची आहे. आजच्या शत्रूला कालच्या गुन्ह्यात कर्ता म्हणून बसवण्याचा मोह किती जबर असतो, याचं हे उदाहरण.

या आठवणीत काही मराठी घरंही आहेत. कोकणातले बेने इस्राएल मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. तिथून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघत आलं आहे. त्यांच्या पूर्वजांनी महाराष्ट्रात शतकानुशतकं छळ न सोसता दिवस काढले होते. तरी स्मृतिदिनी सकाळी दहाला भोंगा वाजतो आणि सगळा देश दोन मिनिटं जागच्या जागी उभा राहतो, तेव्हा अलिबाग-रेवदंड्याकडून गेलेल्या घरातला नातूही उभा राहतो. आपल्या आजीने न भोगलेलं दुःखही माणूस आपलं म्हणून आठवू शकतो. राष्ट्राची चौकट इतकी समर्थ असते.

पोलंड आणि कोल्हापूरचं वळिवडे

पोलंडमध्ये दोन खऱ्या आठवणी एकमेकींसमोर उभ्या आहेत. नाझींनी लाखो पोलिश नागरिक मारले, हे खरं. काही ठिकाणी पोलिश शेजाऱ्यांनीच ज्यू शेजाऱ्यांना मारलं, हेही खरं. १० जुलै १९४१ रोजी येडवाबने गावात असं घडलं. साठ वर्षांनी, २००१ मध्ये, अध्यक्ष अलेक्सांदर क्वाशनिएव्स्की तिथे गेले आणि त्यांनी माफी मागितली. २०१८ मध्ये मात्र तिथल्या सरकारने कायदा केला: नाझी गुन्ह्यांचं खापर पोलिश राष्ट्रावर फोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास. जगभरातून विरोध झाल्यावर काही महिन्यांत तुरुंगाची तरतूद काढावी लागली. एका नेत्याने कर्त्याचं नाव घेतलं, दुसऱ्यांनी नाव घेणंच गुन्हा ठरवायचा प्रयत्न केला.

याच देशाचा एक धागा महाराष्ट्रात आहे. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. बहुतेक स्त्रिया आणि मुलं. त्यांना अनेकदा हिटलरच्या छावण्यांतून वाचलेले म्हटलं जातं, ते चूक आहे. त्यांना स्टालिनच्या राजवटीने घरांतून उचलून सायबेरियाकडे नेलं होतं, आणि तिथून इराणमार्गे ते इथवर आले. त्यामुळेच पोलंडमध्ये कम्युनिस्ट सत्ता असेपर्यंत त्यांच्या आठवणीला सार्वजनिक जागा नव्हती. सत्ता बदलल्यावर ती मिळाली. वॉर्सामध्ये कोल्हापूरचं स्मारक झालं आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तिथे अभिवादन केलं.

पोलिश कुटुंबं गेल्यावर वळिवड्याच्या त्याच छावणीत फाळणीत उखडलेली सिंधी कुटुंबं आली आणि पुढे गांधीनगर वसलं. धुळे-जळगावलाही अशीच सिंधी कुटुंबं येऊन स्थिरावली. २०२१ पासून १४ ऑगस्ट हा फाळणीच्या वेदनांचा स्मृतिदिन म्हणून पाळायचं केंद्र सरकारने ठरवलं. फाळणीची आठवण व्हायलाच हवी. तिच्या वाक्यात सरहद्दीच्या दोन्ही बाजूंचे मेलेले कर्म म्हणून आणि दोन्ही बाजूंचे मारेकरी कर्ते म्हणून येतात का, यावर त्या दिवसाचं मोल ठरेल.

आता आपल्या घरी: सातपुड्यापासून माणिक चौकापर्यंत

खान्देशाच्या आठवणीत पहिली मोठी पोकळी अंबापाणीची आहे. १८५७ च्या उठावात खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्यामागे सातपुड्यातले भिल्ल उभे राहिले. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीला ब्रिटिश फौजेशी लढाई झाली. पकडलेल्यांपैकी अनेकांना तिथल्या तिथे गोळ्या घालण्यात आल्या, मोठ्या संख्येने स्त्रियांना कैद झाली. इंग्रजी दफ्तरांत भिल्लांची नोंद आली ती बंडखोर आणि लुटारू म्हणून. म्हणजे वाक्य पुरतं उलटं: मारले गेलेलेच कर्ते, आणि मारणारे ‘बंदोबस्त’ करणारे. स्वातंत्र्यानंतरही बराच काळ ही गोष्ट पाड्यांवरच्या गाण्यांत राहिली, पुस्तकात यायला तिला वेळ लागला.

नंदुरबारचं तसं झालं नाही. झेंडा, शाळकरी मुलं, ‘चले जाव’ची चळवळ, तालुक्याच्या गावातला माणिक चौक. राष्ट्राची जी कथा स्वातंत्र्यानंतर सांगितली गेली, तिच्यात हे सगळं नेमकं बसत होतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या पुढाकाराने राज्यभर हुतात्मा स्मारकं बांधायची योजना निघाली आणि दोनशेच्या आसपास स्मारकं उभी राहिली. नेत्याच्या एका निर्णयाने गावोगावी आठवणीला छप्पर मिळालं. त्यातली अनेक स्मारकं पुढे ओस पडली, कारण बांधकामाला सरकारी आदेश पुरतो, आठवणीला दर वर्षी सांगणारी माणसं लागतात.

रावलापाणी या चौकटीबाहेर राहिलं. तिथली माणसं आदिवासी होती, डोंगराकडेची होती, त्यांची चळवळ आधी दारूबंदीची, मानाची आणि भक्तीची होती. त्यांच्या हातात पक्षाचा झेंडा नव्हता. गुलाम महाराजांच्या अनुयायांनी ती आठवण आरतीत आणि मेळ्यात जपली. सरकारी पाहुणे आणि स्मारकाचा निधी खूप उशिरा आला. ही आठवण आजवर जिवंत राहिली, तिचं श्रेय नेत्यांआधी त्या पाड्यांना आहे.

नेत्यांच्या शब्दाला लगाम कशाचा

नेत्यांच्या शब्दाला लगाम कशाचा, याचं उत्तर धुळ्याने एका माणसाच्या आयुष्यातून पाहिलं आहे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून वाड्यांच्या माळ्यावरची दप्तरं गोळा करत. कागदाशिवाय इतिहास नाही, हा त्यांचा आग्रह होता. १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच ते गेले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथे उभं राहिलं.

वॉर्साच्या कोंडलेल्या ज्यू वस्तीत इमॅन्युएल रिंगेलब्लुम या इतिहासकाराने हेच केलं. डायऱ्या, भित्तिपत्रकं, शाळेच्या वह्या, रेशनची कार्डं त्यांच्या गटाने गुपचूप जमवली आणि पत्र्याच्या पेट्यांत, दुधाच्या कॅनमध्ये भरून जमिनीत पुरली. रिंगेलब्लुम १९४४ मध्ये मारले गेले. दप्तराचे दोन मोठे भाग १९४६ आणि १९५० मध्ये ढिगाऱ्याखालून सापडले. त्या गटातल्या बहुतेकांना पुढचा दिवस पाहायला मिळाला नाही, पण मारेकऱ्यांनी लिहिलेलं वाक्य शेवटचं ठरू नये, याची तजवीज ते करून गेले. जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेने आजवर ४८ लाखांहून अधिक बळींची नावं जमवली आहेत, एकेक करून.

कागद आणि नाव असेल, तर नेत्याला मनासारखी आठवण घडवता येत नाही. म्हणून कुठल्याही स्मारकासमोर किंवा भाषणापाशी चार गोष्टी पाहाव्यात. मेलेल्यांची नावं आहेत का? ते कोणत्या समाजाचे म्हणून मारले गेले, ते लिहिलं आहे का? मारणाऱ्याचा उल्लेख आहे का? आणि तो मारणारा दर वेळी परकाच असतो का, की कधी आपल्यातलाही असतो?

चौथा प्रश्न: रेनपाडा

शेवटचा प्रश्न सगळ्यांत अवघड आहे, आणि धुळे जिल्ह्यासमोर तो उभा आहे. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या रेनपाड्यात, आठवडे बाजाराच्या दिवशी, भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठेचून मारलं. मोबाइलवरून फिरलेल्या अफवेखेरीज त्यामागे काही नव्हतं. तिथे इंग्रज नव्हते, परकी फौज नव्हती. मारणारे आणि मरणारे दोघंही गरीब होते, दोघंही आपले होते.

नेते आले, भरपाई जाहीर झाली, न्यायालयाचं काम सुरू झालं. ते आवश्यकच होतं. पण भरपाई म्हणजे आठवण नव्हे, हे आडेनाउअर यांच्या जर्मनीकडे पाहून कळतं. आणि एका गावाला कायमचा डाग लावणं म्हणजेही आठवण नव्हे. तशी अफवा त्या दिवसांत कितीतरी गावांत फिरत होती. तो जमाव कुठल्याही बाजारात जमू शकला असता.

एखाद्या १ जुलैला धुळे जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधीने, मग तो कुठल्याही पक्षाचा असो, जिल्ह्यातल्या एका शाळेत उभं राहून ती पाच नावं वाचावीत. अफवा कशी पसरली, ते मुलांना समजावून सांगावं. आणि सांगताना ‘दुर्दैवी घटना घडली’ म्हणू नये. ‘आपल्या माणसांनी त्यांना मारलं’ असं म्हणावं. या वाक्यावर मतं मिळणार नाहीत, ब्रांट यांनाही त्या दिवशी मिळाली नव्हती. पण समोर बसलेल्या मुलाच्या मोबाइलवर उद्या तशीच अफवा येईल, तेव्हा ती पुढे पाठवण्याआधी हे वाक्य त्याला आठवेल.